निद्रेचीं औषधें आणि शय्येची शिस्त

महाभारताच्या उद्योगपर्वांत प्रजागर नांवाचें एक उपपर्व आहे. प्रजागर म्हणजे जागरण. पांडवांकडून परत आलेला संजय, निरोप उद्यां सभेंत सांगेन असें म्हणून निघून जातो, आणि त्या न ऐकलेल्या निरोपाच्या विवंचनेनें वृद्ध धृतराष्ट्राचा डोळा लागत नाहीं. तो रात्रींच विदुरास बोलावून घेतो. विदुर वैद्यास पाचारण करीत नाहीं. बलवानानें ज्याच्यावर चाल केली आहे असा दुर्बळ, ज्याचें सर्वस्व गेलें आहे तो, कामी आणि चोर, यांची झोप उडत असते असें सांगून, राजास यांपैकीं कांहीं जडलें आहे काय, परधनाचा लोभ तर मनांत नाहीं ना, असें तो विचारतो. विदुरनीति म्हणून जो उपदेश प्रसिद्ध आहे, तो अशा रीतीनें निद्रानाशाच्या एका रात्रींतून जन्मास आला.

झोप कां येत नाहीं, असें विचारणारी ही एक परंपरा होय. झोप कशानें आणतां येईल, असें विचारणारी दुसरी. निद्रानाशाच्या उपायांचा सारा इतिहास या दोन प्रश्नांमध्यें हेलकावे खात आलेला आहे. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर एखाद्या कुपींत किंवा गोळींत मिळूं शकतें, म्हणून माणसाला तो अधिक आवडला. परंतु त्या उत्तराची किंमतहि त्यानें वेळोवेळीं फार मोठी मोजली आहे.

प्राचीन भारतीय वैद्यांनीं दोन्ही प्रश्न एकत्र ठेवले होते. चरकसंहितेंत आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले आहेत. तिच्या सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायांत निद्रानाशाचीं कारणें दिलीं आहेत, त्यांत भय, चिंता, क्रोध, धूर, अतिश्रम, उपवास आणि गैरसोयीची शय्या यांची गणना आहे. कामाचा बोजा, वय, व्याधि, प्रकृति आणि वातप्रकोप हींहि कारणें सांगितलीं आहेत. उपाय सांगतांना तेलाचा अभ्यंग, उटणें, स्नान, अंग चेपणें, मस्तकावर व मुखावर लेप, मनास रुचणारे गंध व शब्द, नीट अंथरलेली शय्या, सुखकर घर आणि योग्य वेळ यांचा निर्देश आहे. आहारांत दूध, तूप, दहींभात व मांसरस यांची योजना आहे. मद्यहि त्या यादींतून सुटलेलें नाहीं. म्हशीचें दूध गाईच्या दुधापेक्षां जड असून ज्यांस झोप येत नाहीं त्यांस तें हितकर, असेंहि त्याच संहितेंत अन्यत्र म्हटलें आहे. या यादींत मद्याखेरीज मेंदूस बळेंच गुंगी आणणारें असें बहुधा कांहीं नाहीं. बाकी सारा भर देह सैल करण्यावर, मन निवविण्यावर आणि रात्रीचें स्थळ व वेळ नीट राखण्यावर आहे.

यांतल्या कित्येक गोष्टी मराठी घरांतून आजीबाईच्या बटव्याबरोबर टिकून राहिल्या. निजतांना टाळूवर तेल जिरवावें, काशाच्या वाटीनें तळपाय घासावे, जायफळ थोडेसें उगाळून कोमट दुधांतून द्यावें, हे उपाय अनेक पिढ्यांनीं केले. जायफळ थोडेसें उगाळावयाचें, हा त्यांतला महत्त्वाचा भाग होय. कारण मोठ्या मात्रेंत तें विषासारखें बाधतें. परंतु या उपायांचें बळ केवळ द्रव्यांत नव्हतें. दिवा मंद झालेला, कामें आटोपलेलीं, घरचें कोणी तरी पायाशीं बसून तेल लावीत आहे, अशा वेळीं दिवस संपला ही जाणीव शरीरास आपोआप होत असे. तो नित्याचा क्रम हेंच अर्धें औषध होतें.

गुंगी आणणाऱ्या द्रव्यांत अफू सर्वांत जुनी. ग्रीक, रोमन व अरब वैद्यांस ती परिचित होती. सतराव्या शतकांत इंग्लंडांतील वैद्य टॉमस सिडनहॅम यानें मद्यांत अफू विरघळवून, केशर, दालचिनी व लवंग घालून लॉडनम नांवाचा जो अर्क प्रचारांत आणला, तो पुढें दोनशें वर्षें युरोपांत घरोघर वापरला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं झेर्ट्युर्नर या जर्मन औषधविक्रेत्यानें अफूंतील मुख्य द्रव्य वेगळें काढलें आणि स्वप्नांची ग्रीक देवता मॉर्फियस हिच्यावरून त्यास नांव दिलें. तेंच मॉर्फीन. निद्रेच्या देवतांचीं नांवें औषधांस देण्याची हौस तेव्हांपासूनची आहे. त्या औषधाची संवय एकदां जडली म्हणजे देवता दूर राहून दैत्यच घरांत शिरतो, हें कळावयास लोकांस वेळ लागला.

मुंबईच्या गिरणगांवानें या अनुभवाचें अत्यंत करुण रूप पाहिलें. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत गिरणींत काम करणाऱ्या आया सकाळीं पाळीवर जातांना तान्ह्या मुलास अफू घातलेली बाळगोळी देऊन जात. मूल निपचित पडून राही. शेजारणीस त्रास नसे, आणि आईची रोजी बुडत नसे. १९३१ सालीं प्रसिद्ध झालेल्या मजूरविषयक रॉयल कमिशनच्या अहवालांत या चालीची दखल घेतलेली आहे. त्या मुलांस निद्रानाश नव्हता. त्यांच्या आयांस सवड नव्हती. खरें कारण घराच्या व कामाच्या व्यवस्थेंत होतें आणि त्याचा इलाज मुलाच्या तोंडांत घातला जात होता. निद्रेच्या औषधांच्या इतिहासांत हें पुन्हां पुन्हां घडलेलें दिसतें.

अफूवांचून झोप आणणारें पहिलें कृत्रिम रसायन म्हणजे क्लोरल हायड्रेट. लीबिख या रसायनशास्त्रज्ञानें १८३२ सालीं क्लोरल तयार केलें होतें, पण पुढें छत्तीस-सदतीस वर्षें त्याचा औषधी उपयोग कोणास सुचला नाहीं. १८६९ सालीं बर्लिनच्या ऑस्कर लीब्राइख यानें असा तर्क केला कीं, हें द्रव्य रक्तांत गेल्यावर त्याचें क्लोरोफॉर्म बनेल आणि मनुष्य निजेल. तर्क चुकला, शरीरांत क्लोरोफॉर्म बनत नाहीं, दुसरेंच द्रव्य बनतें. मात्र झोप आली. अशा रीतीनें चुकीच्या उपपत्तीवर एक यशस्वी औषध उभें राहिलें आणि थोड्याच वर्षांत युरोप-अमेरिकेंत सर्वत्र पसरलें. इंग्रज कवि व चित्रकार रॉझेटी याच्या अखेरच्या वर्षांस याच औषधाच्या व्यसनानें ग्रासलें होतें.

याहून हृदयद्रावक कथा जॉन टिंडॉल यांची आहे. प्रकाश व उष्णता यांविषयींच्या संशोधनानें कीर्ति मिळविलेल्या या पदार्थविज्ञानवेत्त्यास पुष्कळ वर्षें निद्रानाशानें छळलें होतें. निवृत्तीनंतर ते इंग्लंडांत हाइंडहेड येथें रहात असत. रात्रीं झोपेसाठीं क्लोरल आणि सकाळीं पोटासाठीं मॅग्नेशिया, असा त्यांचा क्रम होता. १८९३ सालच्या डिसेंबरांत एके सकाळीं त्यांची पत्नी लुइझा हिनें मॅग्नेशिया समजून चुकून क्लोरलचीच मात्रा त्यांस दिली. चूक दोघांच्याहि तत्काळ ध्यानांत आली, डॉक्टर आले, नाना उपाय झाले. परंतु त्याच दिवशीं टिंडॉल यांचा अंत झाला. लुइझा त्यानंतर सेहेचाळीस वर्षें जगली आणि पतीच्या चरित्राची सामग्री जमविण्यांत तिनें तें आयुष्य वेंचलें. चरित्र मात्र तिच्या हातून पुरें झालें नाहीं. तें इतरांनीं लिहून १९४५ सालीं प्रसिद्ध केलें, तेव्हां तिला जाऊन पांच वर्षें झालीं होतीं. झोपेची मात्रा आणि मृत्यूची मात्रा एकाच बाटलींत शेजारीं शेजारीं असतात, ही गोष्ट त्या घरानें अशी अनुभविली.

विसावें शतक उगवलें तें अधिक सभ्य औषधाची आशा घेऊन. १९०३ सालीं एमिल फिशर आणि योसेफ फॉन मेरिंग यांनीं बार्बिटाल हें औषध पुढें आणलें. बाजारांत तें व्हेरोनाल या नांवानें आलें. त्याला क्लोरलसारखी उग्र चव नव्हती कीं पॅराल्डिहाइडसारखी दुर्गंधि नव्हती. १९१२ सालीं त्याच कुळांतील फेनोबार्बिटाल आलें, आणि पुढें या बार्बिच्युरेट कुळांतील अडीच हजारांहून अधिक द्रव्यें प्रयोगशाळांतून तयार झालीं. त्यांतलीं सुमारें पन्नास प्रत्यक्ष उपयोगांत आलीं. फेनोबार्बिटालनें अपस्माराच्या रोग्यांवर मोठे उपकार केले, हें येथें नमूद केलें पाहिजे. परंतु झोपेचें औषध म्हणून या कुळाचे तीन दोष होते. शरीर त्यास सरावत जाई, म्हणून मात्रा वाढवावी लागे; मात्रा वाढवितांना धोक्याची रेषा फार जवळ असे; आणि संवय जडल्यावर औषध एकदम थांबविलें तर आंचके येऊन प्राणावर बेते. अपघातानें व बुद्ध्या घेतलेल्या जादा मात्रेनें कित्येक दशकें असंख्य माणसें दगावलीं.

याच काळांत भारतीय वनस्पतीकडेहि संशोधकांची दृष्टि वळली. सर्पगंधेचें मूळ उन्मादावर व झोप न येण्यावर देण्याची रीति या देशांत जुनी आहे. १९३१ सालीं कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं तिचे गुण वैद्यकीय नियतकालिकांतून मांडले. १९४९ सालीं मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं रक्तदाबाच्या रोग्यांवरील तिचा अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्यें प्रसिद्ध केला, तेव्हां जगाचें लक्ष तिच्याकडे गेलें. १९५२ सालीं तिच्यांतील रेसर्पिन वेगळें काढण्यांत आलें. पण थोड्याच वर्षांत हें औषध घेणाऱ्या कांहीं रोग्यांस गाढ विषण्णता येते असे अहवाल येऊं लागले. वनस्पति आपल्या मातींतील आहे एवढ्यानें तिच्यांतील द्रव्य निरुपद्रवी ठरत नाहीं, हा धडा त्यांतून मिळाला.

मग १९५७ सालीं पश्चिम जर्मनींत थॅलिडोमाइड विक्रीस आलें. बार्बिच्युरेटच्या विषारीपणास विटलेल्या जगास तें वरदान वाटलें, कारण मोठ्या मात्रेनेंहि मृत्यु येत नाहीं अशी त्याची ख्याति होती. डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून तें मिळे. झोपेसाठीं, अस्वस्थतेसाठीं आणि गर्भारपणांतील ओकाऱ्यांसाठींहि स्त्रिया तें निःशंकपणें घेत. लवकरच हातपाय खुंटलेलीं अर्भकें जन्मूं लागलीं. हँबर्गचे विडुकिंड लेन्झ आणि ऑस्ट्रेलियांतील विल्यम मॅक्ब्राइड यांनीं १९६१ सालीं स्वतंत्रपणें या औषधाकडे बोट दाखविलें, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबर-अखेर जर्मनींत तें बाजारांतून काढून घेण्यांत आलें. तोंवर निरनिराळ्या देशांत मिळून दहा हजारांहून अधिक मुलांस त्यानें बाधलें होतें. अमेरिकेंत मात्र फ्रान्सिस केल्सी या सरकारी औषधपरीक्षक बाईंनीं, कंपनीनें वारंवार तगादा लावला असतांहि, पुरावा अपुरा आहे म्हणून परवानगी दिली नाहीं. एका स्त्रीच्या या चिकाटीमुळें त्या देशांतील असंख्य घरें वांचलीं. १९६२ सालीं तेथें कायदा होऊन औषधाची सुरक्षितता व उपयुक्तता या दोहोंचा पुरावा आधीं दिला पाहिजे असें ठरलें. औषधविषयक कायद्याचा हा मोठा टप्पा एका झोपेच्या गोळीमुळें आला, हें विसरतां येणार नाहीं.

यानंतर लिओ स्टर्नबाख यांनीं शोधलेल्या बेंझोडायाझेपिन कुळाचें राज्य सुरू झालें. १९६० सालीं लिब्रियम आणि १९६३ सालीं व्हॅलियम बाजारांत आलें. एकट्यानें घेतलें असतां तें बार्बिच्युरेटइतकें प्राणघातक नव्हतें, ही खरीच मोठी सुधारणा होती. परंतु संवय जडण्याचा दोष गेला नाहीं, आणि वृद्धांच्या बाबतींत पडणें व हाडें मोडणें यांची त्यांत भर पडली. पुढच्या पिढींतील झोल्पिडेमविषयीं अमेरिकेच्या औषध-प्रशासनानें २०१३ सालीं स्त्रियांची मात्रा निम्मी करावयास सांगितलें, कारण सकाळींहि तें रक्तांत उरतें असें दिसून आलें. आणि २०१९ सालीं, झोपेंत चालणें, मोटार हांकणें अशा प्रकारांमुळें, वेष्टनावर ठळक चौकटींत इशारा छापण्याचा आदेश दिला. ही मालिका पाहतां एक क्रम स्पष्ट होतो. प्रत्येक नवें औषध मागच्यापेक्षां निर्धोक म्हणून आलें. कांहीं अंशीं तें तसें होतेंहि. पण त्याचा खरा दोष एक पिढी सरल्यावरच कळला.

असें कां व्हावें, याचें उत्तर निद्रेविषयींच्या अज्ञानांत होतें. झोप म्हणजे मेंदूचा दिवा मालवणें, अशी जुनी समजूत होती. आणि दिवा मालवावयाचा तर कोणतीहि फुंकर चालेल. १९२९ सालीं हान्स बर्गर यांनीं मनुष्याच्या मेंदूंतील विद्युल्लहरींचें आलेखन प्रसिद्ध केलें, आणि निजलेला मेंदू स्वस्थ नसतो हें दिसूं लागलें. १९५३ सालीं शिकागो विद्यापीठांत युजीन असेरिन्स्की व नॅथानिएल क्लाइटमन यांनीं, निजलेल्या माणसाचे डोळे ठराविक अंतरानें जलद हालतात व त्या वेळीं स्वप्नें पडतात, असें दाखविलें. झोपेला अवस्था आहेत, क्रम आहे, रचना आहे. बार्बिच्युरेटनें ती रचनाच मोडत असे. स्वप्नावस्था आक्रसत असे. माणूस बेशुद्ध होई, पण त्यास झोप मिळाली असें म्हणतां येत नव्हतें. १९५८ सालीं अ‍ॅरन लर्नर यांनीं मेलाटोनिन हा अंतःस्राव वेगळा काढला आणि १९८० सालीं तेजस्वी प्रकाशानें मनुष्यांत तो दबतो असें सिद्ध झालें. रात्र झाली आहे ही खबर शरीरास अंधारांतून मिळते, आणि विजेच्या दिव्यानें ती खबर अडविली आहे, हें त्यावरून उमगलें.

इतिहासकारांनींहि यांत आपला वाटा उचलला. अमेरिकन इतिहासकार रॉजर एकर्च यांनीं २००१ सालच्या निबंधांत व २००५ सालच्या ग्रंथांत असें मांडलें कीं, यंत्रयुगापूर्वींच्या युरोपांत रात्रीची झोप दोन खंडांत विभागलेली असे. पहिल्या झोपेनंतर लोक तास-दीड तास जागे राहून प्रार्थना करीत, बोलत, विस्तवावर नजर टाकीत आणि पुन्हां निजत. ही रीति किती व्यापक होती याविषयीं अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि मध्यरात्रीं जाग येणें हा दरवेळीं रोगच असतो असें नव्हे, एवढा दिलासा त्यांतून मिळतो. कारण जागेपणापेक्षां जागेपणाचें भयच पुष्कळांची रात्र खाऊन टाकतें.

या भयाची गांठ सोडविण्याचा शास्त्रीय प्रयत्न १९७२ सालीं रिचर्ड बूट्झिन या मानसशास्त्रज्ञानें केला. जो मनुष्य महिनोन् महिने अंथरुणावर तळमळतो, त्याच्या शरीरास अंथरूण म्हणजे तळमळण्याची जागा असें शिक्षण मिळतें. दिवाणखान्यांत पेंगणारा मनुष्य शय्येवर जातांच टक्क जागा होतो, त्याचें कारण हेंच. म्हणून बूट्झिननें साधे नियम घालून दिले. झोप दाटून आल्याखेरीज आडवें होऊं नये. शय्येवर वाचणें, खाणें, हिशेब करणें, चिंता करणें टाळावें. सुमारें वीस मिनिटें झोप न आल्यास उठून दुसऱ्या खोलींत जावें आणि झोप आल्यावरच परतावें. हें रात्रींतून दहा वेळां करावें लागलें तरी करावें. सकाळीं मात्र रोज एकाच वेळीं उठावें आणि दिवसा झोपूं नये.

१९८७ सालीं न्यूयॉर्कच्या आर्थर स्पीलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं याहून विलक्षण उपाय सुचविला. झोप कमी लागते म्हणून लोक लवकर निजावयास जातात व उशिरां उठतात. आठ-नऊ तास पडून पांच तास झोपतात. स्पीलमन यांनीं सांगितलें कीं, पांच तास झोप येत असेल तर शय्येवर पांचच तास रहावें. पहिले कांहीं दिवस फार जड जातात, पण झोपेची भूक सांचते, तुटक झोप सलग होते, आणि मग तो काळ हळूहळू वाढवीत न्यावयाचा. ज्या रोग्यास अधिक झोप हवी त्यास कमी वेळ निजावयास सांगणें हें वरवर पाहतां निर्दय वाटतें. पण उपवासानें भूक परत यावी तसाच हा प्रकार आहे. मात्र अपस्मार किंवा उन्मादाचा विकार ज्यांस आहे, त्यांनीं हा उपाय वैद्यकीय सल्ल्यावांचून करूं नये.

या दोन शिस्तींस, झोपेविषयींचे अवास्तव भयाचे विचार तपासून पाहण्याची जोड देऊन जी चिकित्सा तयार झाली, तिला अमेरिकेच्या डॉक्टरांच्या एका प्रमुख संस्थेनें, अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनें, २०१६ सालीं प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधीं करावयाचा पहिला उपाय म्हणून मान्यता दिली. येथें एक सूक्ष्म भेद आहे. सायंकाळीं चहाकॉफी नको, खोली अंधारी व थंड असावी, मद्य टाळावें, हे नियम चांगलेच आहेत. पण केवळ त्यांची यादी हातीं दिल्यानें जुनाट निद्रानाश हटत नाहीं, असें निद्रावैद्यकाच्या अमेरिकन संस्थेनें २०२१ सालीं स्पष्ट केलें. जो रोगी पंचवीस नियम पाळूनहि जागाच राहतो, त्याचा त्यांत दोष नसतो. त्याला यादी मिळालेली असते, चिकित्सा मिळालेली नसते.

गोळ्यांस मुळींच स्थान नाहीं असा याचा अर्थ नव्हे. शोकाच्या, शस्त्रक्रियेच्या किंवा तीव्र आजाराच्या दिवसांत डॉक्टरांच्या देखरेखीखालीं थोड्या रात्रींसाठीं त्यांचा आधार घेणें योग्य ठरतें. जे वर्षानुवर्षें त्या घेत आले आहेत त्यांनींहि त्या एकाएकीं टाकूं नयेत. मात्रा डॉक्टरांकडून हळूहळू उतरवून घ्यावी. घोरण्याबरोबर श्वास अडकत असेल, पाय स्वस्थ रहात नसतील, किंवा मन सतत खिन्न असेल, तर मूळ विकार शोधला पाहिजे. विदुरानें राजास जो प्रश्न केला तोच आजचा वैद्यहि पहिल्या भेटींत करतो; फरक इतकाच कीं, उत्तर मिळाल्यावर काय करावें हें आतां त्यास बऱ्याच अंशीं ठाऊक आहे. निद्रा हुकमानें येत नाहीं. तिची वेळ राखावी, जागा राखावी, आणि ती आली नाहीं तर तिच्या मागें न धांवतां उठून बसावें. दीडशें वर्षांच्या रसायनांनीं शिकविलेला धडा एवढाच आहे.